दोन इंग्रज, एक नदी आणि ओवी : १५८३-८४ मधील एका भेटीचा वाङ्मयीन अन्वयार्थ

१

युरोपच्या इतिहासाच्या कडेला काही कथा अशा पडून असतात की, युरोपीय इतिहासकार त्यांची नोंद तळटीपेत घेतो आणि पुढे जातो. त्या कथांचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे घडलेला असतो. परंतु आपणही तो युरोपने लिहिलेल्या तळटीपेतूनच वाचतो. परिणामी अशी कथा 'विलक्षण प्रसंग' या सदरात जमा होते आणि वाङ्मयेतिहासाशी तिचा संबंध उरत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसंगाचा विचार करावयाचा आहे. १५८३ च्या डिसेंबरात गोव्याच्या तुरुंगात काही इंग्रज व्यापारी अडकले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी एक इंग्रज जेझुइट पाद्री धडपडत होता. त्या व्यापाऱ्यांपैकी एक पुढे मराठी मुलूख ओलांडून उत्तरेस गेला. पाद्री मात्र साष्टीतच राहिला आणि तेहेतीस वर्षांनी त्याचे मराठी पुराण छापले गेले. पहिल्याचे नाव राल्फ फिच, दुसऱ्याचे थॉमस स्टीफन्स. या दोघांना एकत्र वाचले असता 'खिस्तपुराणा'विषयीच्या आपल्या काही सोयीस्कर समजुतींना धक्का बसतो, असे माझे प्रतिपादन आहे.

२

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन येथे झाला. वडील लंडनचे व्यापारी. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध विद्यालयात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथ उघडपणे पाळणे हा राजद्रोहाच्या सीमेवरचा व्यवहार झाला होता. स्टीफन्सचा मित्र थॉमस पाऊंड या पंथनिष्ठेपायी पकडला जाऊन दीर्घकाळ तुरुंगात पडला. स्टीफन्स निसटला, रोमला पोहोचला आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलात त्याने लिस्बनहून प्रस्थान ठेवले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला. या प्रवासाचे वर्णन करणारे त्याचे वडिलांस लिहिलेले पत्र रिचर्ड हॅक्लुटने आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. ज्या देशाने त्याला परागंदा केले, त्या देशाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना पूर्वेच्या वाटेची माहिती अशा रीतीने त्याच्याच पत्रातून मिळाली.

स्टीफन्स गोव्यात स्थिरावत असताना, १ डिसेंबर १५८१ रोजी, लंडनमध्ये एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेतलेल्या पाद्र्याचे इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला. म्हणजे मायदेशी स्टीफन्स हा शिकार होता. गोव्यात तो ज्या धर्मसत्तेचा घटक होता तिची बाजू मात्र नेमकी उलट होती. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झालेली होती; साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती; हिंदूंच्या पोथ्या, उत्सव आणि विधी यांवर निर्बंध घालणारे हुकूम एकामागून एक निघत होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्याच्या चार जेझुइट सहकाऱ्यांना ठार केले. त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. स्टीफन्सचे कार्यक्षेत्र हाच साष्टी प्रांत होता. एका देशात छळला गेलेला पंथ दुसऱ्या देशात छळणारा असू शकतो, हा सोळाव्या शतकातील युरोपचा एक मोठा विरोधाभास. तो येथे एकाच माणसाच्या चरित्रात उतरलेला आहे. 'मराठीप्रेमी परदेशी पाद्री' या आपल्याकडील गोड प्रतिमेत या विरोधाभासाला जागा नाही.

कुंकळ्ळीच्या घटनेला काही महिनेच लोटले होते, तेव्हा २४ ऑक्टोबर १५८३ रोजी स्टीफन्सने आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्यात या प्रदेशातील भाषांविषयी एक निरीक्षण आहे : या भाषांची ठेवण आणि वाक्यरचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतील साम्य नोंदले ते १५८५ च्या सुमारास, आणि विल्यम जोन्सने भाषाकुलाची कल्पना कलकत्त्यात मांडली ती १७८६ मध्ये. स्टीफन्सचे पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिल्यामुळे भाषाशास्त्राच्या इतिहासावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या प्रदेशात नुकतेच रक्त सांडले होते, त्या प्रदेशाच्या बोलीकडे हा माणूस व्याकरणकाराच्या कानाने ऐकत होता. भाषेविषयीचे प्रेम आणि भाषकांवरील सत्ता या दोन गोष्टी परस्परांना वगळत नाहीत, हे या पत्राच्या तारखेवरून दिसते.

३

हे पत्र लिहून महिना उलटतो तोच इंग्रज कैदी गोव्यात आणले गेले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे 'टायगर' नावाच्या गलबतातून १५८३ च्या आरंभी इंग्लंडहून निघाले होते. अलेप्पो, बगदाद, बसरा या मार्गाने होर्मुझला पोहोचताच व्हेनिसच्या प्रतिस्पर्ध्यांच्या चहाडीवरून पोर्तुगिजांनी त्यांना हेर ठरवून पकडले. त्यांच्यापाशी अकबर बादशहासाठी आणि चीनच्या सम्राटासाठी एलिझाबेथ राणीची पत्रे होती. शेक्सपियरच्या 'मॅक्बेथ' नाटकात एका चेटकिणीच्या तोंडी अलेप्पोला गेलेल्या 'टायगर'चा जो उल्लेख येतो, त्याचा संबंध अभ्यासक या नावाच्या गलबताशी जोडतात. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा उल्लेख ठाऊक असतो. त्या गलबतातील माणसे पुढे आपल्या मुलखातून गेली, हे मात्र त्याला सहसा सांगितले जात नाही.

कैद्यांच्या जामिनाची व्यवस्था झाली ती मुख्यत्वे दोन जेझुइटांमुळे. त्यांपैकी एक ब्रुझचा फ्लेमिश पाद्री होता, दुसरा स्टीफन्स. आर्चबिशपच्या पदरी असलेला यान लिन्सखोटेन हा डच तरुणही त्यांच्या उपयोगी पडला. या उपकाराची कबुली न्यूबेरी आणि फिच या दोघांच्याही लेखनात आहे. ज्या राज्यात स्टीफन्सला फाशी झाली असती, त्या राज्याच्या राणीच्या दूतांना त्याने सोडवले. ही देशबांधवांविषयीची माया होती की त्यांना कॅथलिक पंथात ओढण्याची आशा, हा प्रश्न त्या काळी तरी या दोन हेतूंची फारकत करून सोडवता येत नाही. स्टोरी जेझुइटांचे चर्च रंगवण्यासाठी मागे राहिला. उरलेले तिघे एप्रिल १५८४ मध्ये गुपचूप नदी ओलांडून आदिलशाही मुलखात शिरले.

या लहानशा कोठडीभोवती जमलेल्या माणसांकडे मागे वळून पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. लिन्सखोटेनचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पोर्तुगिजांनी जपलेली जलमार्गांची गुपिते डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती गेली. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभीच्या काळात त्याच्या अनुभवाचा सल्ला घेतला गेला. पोर्तुगीज मक्तेदारीच्या अंताची बीजे पोर्तुगिजांच्याच राजधानीत, एका पाद्र्याच्या रदबदलीने मोकळी झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

४

फिचचा पुढचा मार्ग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा ही ठिकाणे झाल्यावर तो उत्तरेकडे वळला. बुऱ्हाणपूरच्या आधी त्याने दोन स्थळांची नावे दिली आहेत. त्यांतील पहिले अभ्यासकांनी बिदर म्हणून ओळखले आहे. दुसरे बाळापूर, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातील. नकाशावर बिदर आणि बाळापूर जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती आजच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांच्या सीमेच्या आसपास, पूर्णा-गोदावरीच्या संगमाजवळ गोदावरी ओलांडते. वाटेतल्या एकाही गावाचे नाव फिच देत नाही. बुऱ्हाणपूरच्या संदर्भात तो जे लिहितो ते असे : जाड, वाटोळे, उत्तम चांदीचे नाणे, मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे, पावसाळ्यात रस्त्यांतून घोड्यावाचून जाता येणार नाही इतके पाणी, विपुल सुती आणि रंगीत कापड, आणि वाटेवरच्या गावोगावी आठ-दहा वर्षांची मुले व पाच-सहा वर्षांच्या मुली यांची लग्ने.

हे डोळे व्यापाऱ्याचे आहेत आणि त्यांनी पाहिले ते खोटे नाही. पण त्यांनी काय ऐकले? ज्या पट्ट्यातून हा मार्ग जातो त्याच्या एका बाजूस गंगाखेड आहे, जनाबाईंचे गाव. नामदेवांचे मानले जाणारे नरसी, जे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते आणि आता हिंगोली जिल्ह्यात आहे, ते दुसऱ्या बाजूस. पश्चिमेस पाथरी आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज तेथील कुळकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो आणि या पाथरीसाठी निजामशाही व इमादशाही यांच्यात लढायाही झाल्या. म्हणजे हा मुलूख मुका नव्हता. येथे जात्यावर ओव्या होत्या, कीर्तने होती, शासनाच्या फारसीबरोबर कुळकर्ण्यांची मोडी होती. फिचच्या वृत्तांतात यांतले काहीच नाही. त्याला दुभाष्याची गरज होती ती भाव करण्यापुरती.

आणखी एक योगायोग येथे नोंदवला पाहिजे. शके १५०६ म्हणजे १५८४ हे एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केले ते वर्ष. फिच ज्या पावसाळ्यात गोदावरी ओलांडून उत्तरेस गेला, त्याच पावसाळ्यात त्याच नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला, एकनाथ एका तीनशे वर्षांच्या ग्रंथाचे पाठभेद निरखीत होते, अपपाठ बाजूला सारीत होते आणि या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, अशी ताकीद देत होते. लंडनहून आलेला व्यापारी आणि पैठणचा संपादक एकमेकांच्या अस्तित्वाविषयी पूर्ण अनभिज्ञ होते. परंतु साष्टीत एक तिसरा माणूस होता, जो पहिल्याचा देशबांधव आणि दुसऱ्याच्या ग्रंथपरंपरेचा विद्यार्थी होता. ज्या ओवीची सीमा एकनाथ आखीत होते, त्या ओवीत एक परका माणूस आपली कथा घालण्याच्या तयारीस लागणार होता.

५

'खिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. पूर्वार्धात जुन्या कराराची कथा, उत्तरार्धात येशूची; अध्यायांना 'अवस्वरु' अशी संज्ञा; जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास काढलेल्या आवृत्तीनुसार एकूण ओव्या १०,९६२. त्याचे मराठीच्या स्तुतीचे प्रसिद्ध स्थळ आपण शालेय पाठ्यपुस्तकांपासून ऐकत आलो आहोत आणि बहुधा तेवढेच वाचत आलो आहोत. माझ्या मते या ग्रंथाचे मर्मस्थान त्या स्तुतीत नाही. ते त्याच्या आरंभीच्या संवादाच्या चौकटीत आहे.

ती चौकट अशी : साष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचावयास तुमचे पुराण का देत नाही? ग्रंथनिर्मितीचे निमित्त सांगण्याची ही रीत आपल्या पुराणपरंपरेला परिचित आहे. श्रोता विचारतो, वक्ता सांगतो. परंतु ज्ञानेश्वरीतील श्रोते संतसज्जन आहेत. त्यांच्या अवधानावर वक्ता फुलतो. येथील श्रोता एका बंदीची आठवण करून देतो. त्याची मागणी नम्र आहे, पण तिच्या पोटात एक रिकामी जागा आहे आणि ती जागा कोणी रिकामी केली, हे प्रश्नातच सांगितलेले आहे. वाचकाच्या 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना आपल्या समीक्षेत अलीकडे रूढ झाली आहे. येथे ते क्षितिज हुकुमाने पुसलेले आहे आणि पुसणाऱ्या संस्थेचाच कवी ते पुन्हा रेखू पाहत आहे.

ही गोष्ट दृष्टीआड केल्यामुळे 'खिस्तपुराणा'चे वाचन दोन टोकांना गेले आहे. एका टोकाला गौरव : पाहा, एका इंग्रजाने आपल्या भाषेत महाकाव्य लिहिले. दुसऱ्या टोकाला नकार : हे धर्मप्रचाराचे साधन, त्याचा वाङ्मयाशी संबंध काय? पहिला पक्ष बंदी विसरतो, दुसरा पक्ष ओवी विसरतो. वास्तविक ग्रंथ या दोन्हींनी मिळून झालेला आहे. स्टीफन्सने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. ज्या वैकुंठनाथाची देवळे साष्टीत पाडली गेली, त्याचाच लोक ख्रिस्ती मुक्तीचे नाव झाला. शब्द बदलता आले नाहीत. कारण शब्द बदलले असते तर श्रोत्याला मुक्तीची कल्पनाच झाली नसती. सत्ता मूर्ती फोडू शकते. परंतु एखाद्या समाजाशी बोलावयाचे झाले, तर त्या समाजाने शतकानुशतके घडवलेल्या अर्थाच्या घरातच तिला उतरावे लागते. स्टीफन्सच्या बाबतीत ही केवळ धोरणी तडजोड होती असेही मला म्हणता येत नाही. दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिणारा माणूस त्या घरात पाहुणा म्हणून फार काळ राहू शकत नाही.

वसाहतवादी वाङ्मयव्यवहाराचा विचार करताना आपण बहुधा एकोणिसाव्या शतकाचा साचा वापरतो : इंग्रजी ही सत्तेची भाषा, मराठी ही शासितांची, इंग्रज लिहितो तो इंग्रजीत, आपल्याविषयी. स्टीफन्स या साच्यात बसत नाही. तो इंग्रज होता. पण त्याच्यामागे इंग्रज सत्ता नव्हती, उलट ती त्याच्या जिवावर उठलेली होती. त्याच्यामागे होती ती पोर्तुगीज सत्ता, आणि तिची भाषा त्याची मातृभाषा नव्हती. त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ ज्या भाषेत आहे, ती या दोन्हींपैकी एकही नाही. त्याने सिद्ध केलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरलाच छापले गेले. या उदाहरणापुढे 'वसाहतवादी' आणि 'वसाहतीतला' ही जोडी पुरी पडत नाही. तरी ती जोडी टाकूनही देता येत नाही. कारण चर्चमधील त्या ब्राह्मणाचा प्रश्न तिच्याशिवाय समजत नाही.

६

शेवटी या ग्रंथांच्या भवितव्याविषयी. 'खिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेने आधी हिंदूंच्या पोथ्या बंद केल्या, तिने नंतर आपल्याच पाद्र्याच्या पुराणाची भाषाही नकोशी ठरवली. त्या ब्राह्मणाने मागितलेले आणि त्याला मिळालेले पुराण दोन पिढ्यांनी पुन्हा संशयाच्या छायेत आले. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो नकलून घेतला, उपवासकाळात गायिला. एक देवनागरी हस्तलिखित विल्यम मार्सडेनच्या संग्रहातून लंडनला पोहोचले होते. मराठी संतांचे अनुवादक जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवनागरीत संपूर्ण ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आला तो शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीने. पुढे १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली.

१५८४ च्या त्या पावसाळ्याशी निगडित संहितांचे भवितव्य शेजारी शेजारी ठेवून पाहावे. फिचचा वृत्तांत हॅक्लुटने छापला. तो सुखरूप राहिला, कारण एका वाढत्या सत्तेला त्याची गरज होती. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत टिकली, कारण तिच्यामागे एक संप्रदाय उभा होता. जनाबाईंचे अभंग तर कोणत्याही छापखान्यावाचून आणि संपादकावाचून, नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आणि बायांच्या कंठात टिकले. गंगाखेडची ही दासी दळणकांडणाच्या कामातच आपल्या देवाला भेटली आणि त्या कामाचाच तिने अभंग केला. स्टीफन्सचे पुराण छापले जाऊनही हरवले आणि ज्या मार्गाने जनाबाई टिकल्या, जवळजवळ त्याच मार्गाने, म्हणजे गाणाऱ्या माणसांच्या गरजेने, वाचले. मुद्रणाने ग्रंथाला स्थैर्य येते, हा युरोपीय वाङ्मयेतिहासाचा एक आवडता सिद्धान्त आहे. मराठीतल्या या पहिल्या मोठ्या मुद्रित काव्याने तो सिद्धान्त उलटा करून दाखवला आहे.

म्हणून स्टीफन्सची कथा युरोपीय इतिहासातील एक चमत्कारिक कथा म्हणून सांगण्यात तिचे निम्मे मोल हरवते. ती आपल्या वाङ्मयेतिहासाला काही विचारते. परका हात ओवीला लागला तेव्हा ओवीने काय स्वीकारले आणि काय नाकारले? ज्या श्रोत्यांची पुराणे हिरावली गेली त्यांनी नवे पुराण कोणत्या कानांनी ऐकले? कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची बाजू या दहा हजार ओव्यांत कोठे ऐकू येते का? या प्रश्नांची उत्तरे अभिमानाने मिळणार नाहीत आणि निषेधानेही नाही. त्यांसाठी ग्रंथच अथपासून इतिपर्यंत वाचावा लागेल, आणि तो साष्टीच्या गावांचा इतिहास एका हाती व ज्ञानेश्वरी दुसऱ्या हाती ठेवून वाचावा लागेल. आपल्या विद्यापीठांतील अभ्यासक्रमांनी 'खिस्तपुराणा'तील चार स्तुतिपर ओव्या निवडून उरलेल्या ग्रंथाची सुटका करून घेतली आहे. नव्या संशोधकाने आरंभ करावयाचा तो त्या उरलेल्या ग्रंथापासून.